तेलाचा भाव आणि कोयत्याची उचल : बीडमधून गिरीश कुबेर वाचताना, ऐकताना

मराठीत पैशाबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं दोन खणांत टाकता येतं. एका खणात पैसा कसा वाढवायचा हे सांगणारे. एसआयपी, टर्म प्लॅन, 'हे पाच शेअर घेऊन विसरून जा' वगैरे. दुसऱ्या खणात पैसा माणसाला कसा बिघडवतो हे सांगणारे. पैसा चालतो कसा, तो कुणाच्या हुकमानं थांबतो आणि कुणाच्या सहीनं सुटतो, हे सांगणारा मराठी माणूस शोधायला गेलं तर बोटावर मोजण्याइतकी नावं येतात. गिरीश कुबेर हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्यावर चिडणारेसुद्धा त्यांना वाचून चिडतात.

मी बीड जिल्ह्यात राहतो आणि कुबेरांना दहा-बारा वर्षं वाचतोय. अलीकडे वाचण्यापेक्षा ऐकतोच जास्त. या लेखात मला त्यांची कारकीर्द मांडायची आहे, पण मुंबईतून ती जशी दिसते तशी नाही. इथून काही गोष्टी मोठ्या दिसतात आणि काही दिसतच नाहीत.

कारकिर्दीचा ढोबळ नकाशा असा. 'इकॉनॉमिक टाइम्स'मध्ये ते राजकीय संपादक होते. म्हणजे अर्थविषयक दैनिकात राजकारण बघणारा माणूस. हे पद समजून घेतलं की पुढचे कुबेर समजतात, कारण त्यांच्या लिखाणात पैसा आणि सत्ता कधी वेगळ्या टेबलांवर बसत नाहीत. नंतर ते 'लोकसत्ता'चे संपादक झाले. तिथले अग्रलेख, 'अन्यथा' हे सदर, पुस्तकांवरचं 'बुक-अप', आणि शेजारी राजहंस प्रकाशनाची पुस्तकं. 'हा तेल नावाचा इतिहास आहे', सौदी अरेबियाचे तेलमंत्री शेख यामानी यांच्यावरचं 'एका तेलियाने', 'अधर्मयुद्ध', 'युद्ध जिवांचे', 'टाटायन', 'पुतिन'. 'टाटायन' इंग्रजीत गेलं आणि त्या अनुवादाला 2019 चं गाजा कॅपिटल बिझनेस बुक प्राइज मिळालं. मराठीत लिहिलेलं उद्योगावरचं पुस्तक देशपातळीवर बिझनेस बुक म्हणून निवडलं जातं, ही गोष्ट आपण पुरेशी साजरी केली नाही.

वादही भरपूर. मार्च 2016 मध्ये मदर तेरेसांवरचा 'असंतांचे संत' हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी दिलगिरीसह मागे घेतला गेला. डिसेंबर 2021 मध्ये, 'रेनेसाँ स्टेट' या त्यांच्या इंग्रजी पुस्तकावरून, नाशिकच्या साहित्य संमेलनात त्यांच्यावर शाई टाकण्यात आली. पुस्तकाशी भांडायचं तर ते पुस्तकानं भांडावं. शाई टाकणाऱ्यांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तेलाच्या पुस्तकांपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते कुबेरांचं सगळ्यात टिकाऊ काम तेच आहे. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, बॅरलचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. 1975 मध्ये व्हिएन्नाच्या ओपेक बैठकीतून यामानींसकट मंत्र्यांना ओलीस नेलं गेलं. हा सगळा ऐवज इंग्रजीत ढिगानं होता. मराठीत तो गोष्टीसारखा आणणं, रॉकफेलरपासून रियाधपर्यंतची माणसं गावातल्या भाऊबंदकीतल्या पात्रांसारखी ओळखीची करून टाकणं, हे कुबेरांनी केलं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्याकडच्या पोरांच्या खोल्यांत ही पुस्तकं असतात. पानं सुटलेली, पेन्सिलच्या रेघा मारलेली. डिझेल वाढलं की केंद्राचा कर किती, राज्याचा किती, रुपया घसरल्याचा हिस्सा किती, हे फोड करून बोलणारी पोरं मी आष्टी-पाटोद्यात पाहिली आहेत. ही भाषा त्यांना कुणीतरी दिली, आणि देणाऱ्यांत कुबेर पहिल्या रांगेत आहेत.

'टाटायन'बद्दल मात्र माझा उत्साह अर्धाच. वाचायला सुरेख, वेग जबरदस्त, आणि मराठी तरुणाला उद्योग ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही हे पटवून देणारं. पण लेखक आपल्या नायकांपुढे फार वेळ हात जोडून उभा राहतो. पुस्तक वाचताना मला सारखी मुळशी आठवत राहिली. 1921 ला टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी बसले आणि सेनापती बापट तुरुंगात गेले, ते मुळशी. मुंबईला वीज आली ही खरी गोष्ट. ती ज्यांच्या जमिनीवरून आली तेही खरे होते. उद्योगाची गोष्ट सांगताना दुसऱ्या बाजूच्या माणसाला किती पानं द्यायची, हा प्रश्न कुबेरांच्या बाबतीत तिथूनच सुरू होतो.

आणि तो थेट आमच्या दारात येऊन थांबतो. डिसेंबर 2014. 'लोकसत्ता'चा अग्रलेख, 'बळीराजाची बोगस बोंब'.

अग्रलेखावर सही नसते, पण संपादक त्याचा धनी असतो. या एका शीर्षकानं कुबेर मराठवाड्यातल्या घराघरात पोचले. नको त्या कारणानं, पण पोचले. काळ बघा. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली होती. उभी ज्वारी, गहू, मोसंबीच्या बागा झोपल्या. त्यामागून पावसाळा कोरडा गेला. पुढच्या वर्षी, 2015 मध्ये, मराठवाड्यात अकराशेहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सगळ्यात वरती बीड होतं. या दोन वर्षांच्या मधोमध 'बोगस' हा शब्द छापून आला.

आता मी त्या अग्रलेखाची बाजू जितकी प्रामाणिकपणे मांडता येईल तितकी मांडतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. मुद्दा साधारण असा, की दर संकटात सरकारनं तिजोरी उघडायची, पॅकेज द्यायचं, आणि शेतीचं दुखणं तसंच ठेवायचं, ही चांगली अर्थनीती नव्हे. मदत मागणाऱ्यांत गरजू कोण आणि सोयीनं रांगेत घुसलेला कोण, हे कुणी विचारत नाही. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, तरी नुकसान मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायचं.

बीडच्या माणसानं 'आमच्याकडे बोगस काही नसतं' असं म्हणणं ही थाप होईल. 2023 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. नंतर काय बाहेर आलं? सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, दुसऱ्याच्या गटावर विमा. या तक्रारींत बीडचं नाव ठळक होतं. 2025 ला ती योजना गुंडाळली गेली. पण हे अर्ज भरले कुणी? ज्याच्याकडे सातबाऱ्यांचा गठ्ठा, कॉम्प्युटर, लॉगिन आणि वरपर्यंत ओळख आहे, त्यानं. दोन एकर कोरडवाहूवाल्याला स्वतःच्याच शेताचं नुकसान 72 तासांत ॲपवर कळवताना घाम फुटतो. म्हणजे बोगस होतं, फक्त बोंब मारणारा आणि बोगसगिरी करणारा ही दोन वेगळी माणसं होती. शीर्षकानं दोघांना एकाच शब्दात बांधलं. अर्थपत्रकारानं नेमकी हीच गल्लत करू नये, कारण पैसा कुठून कुठे गेला हे बघणं हेच तर त्याचं काम.

कराचा मुद्दाही आकड्यानं तपासू. सरकारच्याच 2018-19 च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात मजुरी आणि जनावरांचं उत्पन्नही धरलेलं. शेतीला करमाफी नसती तरी हे कुटुंब प्राप्तिकराच्या पहिल्या पायरीपर्यंतही पोचलं नसतं. उलट खतावर 5 टक्के, कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी ते भरतंच, आणि तो परत मिळवायची सोय त्याला नाही, कारण विक्रीवर जीएसटी नाही. हे गणित अवघड नाही. कुबेर तेलाच्या बॅरलची जशी फोड करतात, तशी खताच्या पोत्याची केली असती तर हे त्यांच्याच लेखणीतून आलं असतं.

पण माझं खरं भांडण याहून खोल आहे. कर्जमाफीच्या बाजूनं लिहा नाहीतर विरोधात लिहा, दोन्हीकडे गृहीत धरलेला माणूस एकच असतो. बँकेचा कर्जदार शेतकरी. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास जी लाखो माणसं ऊसतोडीला जातात, त्यांचं कर्ज कोणत्याच बँकेच्या वहीत नसतं. मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्यावर. लग्न, दवाखाना, घराचा पत्रा, आधीची देणी यात ती हंगामाआधीच संपते. मग कारखान्यावर पाच-सहा महिने टनाच्या हिशेबानं ती फेडायची. खाडा झाला तर पैसे कापले जातात. हंगाम लवकर संपला, पाऊस झाला, ऊस कमी निघाला, तर उचल फिटत नाही आणि बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते.

हे एक आर्थिक साधन आहे. त्याला व्याज आहे, तारण आहे (तारण म्हणजे माणसाचं अंग), वसुलीची यंत्रणा आहे, आणि जोखीम पूर्णपणे एका बाजूला टाकलेली आहे. कारखाना मुकादमाशी करार करतो, मुकादम मजुराशी, आणि मजुराच्या हातात बहुतेक वेळा कागदच नसतो. रिझर्व्ह बँकेच्या थकीत कर्जांत हा आकडा येत नाही. कर्जमाफीच्या यादीत येत नाही. वित्तीय शिस्तीच्या अग्रलेखातही येत नाही. जानेवारी 2024 ला तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, तेव्हा ती राजकारणाची बातमी म्हणून आली. कोण बैठकीला होतं, कुणी मध्यस्थी केली, एवढंच. ती मजुरी-कराराची बातमी होती. एखाद्या कंपनीत एवढी वेतनवाढ झाली असती तर अर्थपानावर मोठा मथळा लागला असता.

कुबेरांनी या माणसावर लिहायलाच हवं होतं अशी माझी मागणी नाही. प्रत्येकाचा एक मुलूख असतो. मुद्दा असा की त्यांची नजर सरकारच्या तिजोरीच्या खिडकीतून बघते. त्या खिडकीतून मागायला आलेली रांग दिसते. रांगेत कधी उभंच न राहिलेलं माणूस दिसत नाही.

आता ऐकण्याबद्दल. 'लोकसत्ता'नं 'दृष्टिकोन' सुरू केलं आणि कुबेर कॅमेऱ्यासमोर येऊन एकेक विषय काही मिनिटांत समजावू लागले. नावाला व्हिडिओ. आमच्याकडे तो स्क्रीन बंद करून, कानात एक इअरफोन घालून ऐकला जातो. अग्रलेखातले कुबेर आणि कानातले कुबेर हे मला जवळजवळ दोन वेगळे लेखक वाटतात. अग्रलेखात शीर्षकात श्लेष असतो, मध्ये संदर्भांची रेलचेल, आणि शेवटच्या वाक्यात डंख. वाचणाऱ्याला मजा येते, पण तो डंख कुणाला लागतो याचा हिशेब राहत नाही. बोलताना ते मास्तर होतात. थांबतात, मागे जातात, 'हे का झालं' यावर वेळ घालवतात. मला वाटतं माध्यमच तसं आहे. एखाद्याच्या कानाशी बोलताना त्याच्या बापाला 'बोगस' म्हणणं जमत नाही. 2014 चा तो विषय त्यांनी बोलून मांडला असता, तर मुद्दा कदाचित तोच राहिला असता, शब्द नक्की बदलला असता.

तोटाही आहे. कानातून आलेला आकडा टिकत नाही. छापील लेखात मी पेन्सिलनं खूण करतो, उलटा तपासतो. ऐकताना वक्त्याच्या आत्मविश्वासावर विसंबतो. आणि कुबेरांच्या आवाजात आत्मविश्वास भरपूर आहे.

तरी या आवाजाच्या शेजारी काय चालू आहे ते बघा. तुमच्या-माझ्या फोनवर मराठीतून ऑप्शन ट्रेडिंग शिकवणारे शेकड्यानं आहेत. सेबीच्याच अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. जानेवारी 2025 ला सेबीनं 'शिक्षणा'च्या नावाखाली ताजे भाव दाखवायलाही बंदी घातली, आणि तीन महिने जुने भावच वापरा म्हणून सांगितलं. या बाजारात कुबेर एकही टिप देत नाहीत. फक्त जग कसं चाललंय ते सांगतात. ही सभ्यता आज दुर्मीळ आहे, आणि मी त्यांच्याशी इतकं भांडतो तेही त्यामुळेच. टिप देणाऱ्याशी भांडण होत नाही, त्याच्यामुळे फक्त नुकसान होतं.

बीडला या प्रकारच्या पत्रकारितेची किती निकड होती हे ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या प्रकरणानं दाखवलं. मुख्यालय बीडमध्ये, ठेवींवर 12 ते 14 टक्के व्याजाचं आमिष. ऑक्टोबर 2023 मध्ये प्रवर्तकांच्या उद्योगसमूहावर प्राप्तिकर खात्याचे छापे पडले, ठेवी काढायला झुंबड उडाली, शाखांना कुलपं लागली. 2024 च्या जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांना अटक झाली, पुढे ईडी आली, हजार कोटींहून जास्त मालमत्तेवर टाच आली. प्रकरण न्यायालयात आहे, दोष कुणाचा ते तिथे ठरेल. ठेवीदारांची संख्या लाखांत आहे. निवृत्त शिक्षक, कापूस विकून आलेला पैसा ठेवणारे, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे.

यातली प्रत्येक घडामोड बातमी म्हणून आली. पण बातमीआधी सांगण्याजोगं जे होतं ते फार साधं होतं. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. अशा संस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. ती 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेली असते आणि तिचा निबंधक दिल्लीत असतो, बीडच्या जिल्हा उपनिबंधकाच्या हातात फारसं काही नसतं. ठेव ठेवताना तुम्हाला नाममात्र सभासद करून घेतलं जातं, म्हणजे कागदावर तुम्ही गिऱ्हाईक नसता, संस्थेचे भाग असता. स्टेट बँक सात टक्के देत असताना कुणी चौदा देतंय, तर तो कर्जदाराकडून अठरा-वीस वसूल करत असला पाहिजे, आणि बीडमध्ये वीस टक्के व्याज परवडणारा धंदा कोणता?

चार मिनिटांचा ऐवज आहे हा. मराठी अर्थपत्रकारितेत फेडरल रिझर्व्हनं पाव टक्का कमी केला की दुसऱ्या दिवशी उलगडा येतो. बरोबरच आहे, यायलाच हवा. मल्टिस्टेटचा उलगडा कुलूप लागल्यावर येतो. ही एकट्या कुबेरांची चूक नाही, आमच्याकडच्या जिल्हा पत्रकारितेची तर जास्त आहे. ठेवींच्या पानभर जाहिराती स्थानिक पेपरांत येत होत्या, आणि जाहिरातदाराचा ताळेबंद कोण वाचणार? पण मराठीत पैशाची भाषा ज्यानं घडवली, त्याच्याकडे अपेक्षा जाते. ती भाषा मुंबईला वॉशिंग्टन समजावण्यात इतकी पटाईत झाली, की बीडला बीड समजावण्याची तिला सवय लागली नाही.

कधी कधी हे दोन्ही एकच असतं, आणि तिथं कुबेरांच्या पद्धतीचा खरा कस लागतो. ऑगस्ट 2025 घ्या. अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं. कापड निर्यातदारांना दिलासा म्हणून केंद्रानं 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. ट्रम्प, रुपया, तिरुपूरचे कारखानदार ही साखळी कुणीही मांडेल. तिचं शेवटचं टोक गेवराई-माजलगावच्या जिनिंगच्या गेटवर आहे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता 8,110 रुपये. तो हवा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, सीसीआयच्या केंद्रावर नंबर, ओलाव्याची तपासणी. ज्याला दिवाळीला कोयता घेऊन निघायचंय, किंवा ज्याच्या दारात कृषी सेवा केंद्रवाला उधारीसाठी उभा आहे, तो गावातल्याच व्यापाऱ्याला त्याच्या भावानं घालून मोकळा होतो. शुल्कमाफीची मुदत होती 31 डिसेंबर. लहान शेतकऱ्याच्या घरातला कापूस तोवर बहुतेक गेलेला असतो.